व्हायोलिनची पाटी आणि मेळघाटचा बांबू

व्हायोलिनची वरची पाटी ज्या झाडाची करतात ते झाड मेळघाटात उगवत नाही. त्याचं नाव स्प्रूस. आल्प्सच्या थंड उतारांवर ते सावकाश वाढतं, वर्षाकाठी खोडावर एक बारीक वलय चढतं, आणि अशा म्हाताऱ्या झाडाचं लाकूड वजनाला हलकं, पण रेषांच्या दिशेने विलक्षण ताठ असतं. एका घनमीटरला साधारण 400 ते 450 किलो. आपला साग 600 ते 700 किलोंच्या घरात जातो. धारणीहून हरिसाल, सेमाडोह करत परतवाड्याकडे जाताना दोन्ही बाजूंना दिसणारा सागवान घराच्या आढ्याला, दाराच्या चौकटीला, पलंगाला पिढ्यान्‌पिढ्या पुरतो. पण त्याच्यापासून अडीच-तीन मिलिमीटरची पाटी काढून तारेचा बारीकसा थरकाप सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा म्हटलं, की त्याचं वजन आड येतं.

तरीही व्हायोलिन करणाऱ्या कारागिरांची गोष्ट मेळघाटातल्या वाचकाने वाचावी असं मला मनापासून वाटतं. गेल्या साठ-सत्तर वर्षांत या मंडळींनी हातातल्या तीन-चारशे वर्षांच्या विद्येला मोजमापाची जोड दिली. रंधा आणि पटाशी खाली न ठेवता त्यांनी मायक्रोफोन, लेसर आणि सीटी स्कॅन कारखान्यात आणले. स्प्रूस आपल्याला आणता येणार नाही, पण ही पद्धत आणता येईल. आणि तिची सर्वांत जास्त गरज जिथे आहे, तो बांबूकामाचा व्यवसाय धारणी तालुक्यातच चालू आहे.

तसं पाहिलं तर व्हायोलिनचं आपल्या जंगलाशी थोडं नातं आहेच. बोटं ज्यावर फिरतात ती काळी पट्टी आबनुसाची असते, आणि आबनूस व आपला तेंदू ही एकाच कुळातली भावंडं आहेत. ज्या झाडाची पानं उन्हाळ्यात विडीसाठी तोडली जातात, त्याच्या जुन्या खोडाचा गाभाही काळाच निघतो. खुंट्यांसाठी शिसवीचं लाकूड जगभर वापरलं जातं. सूर मात्र पाटीतून येतो, आणि तो कसा येतो हे आधी समजून घेतलं पाहिजे.

घोड्याच्या शेपटीच्या केसांना राळ लावून केलेला गज तारेवरून ओढला, की केस तारेला चिकटून तिला बाजूला खेचतात. ताण वाढला की तार निसटते, मागे उसळते आणि पुन्हा पकडीत सापडते. बिजागरी करकरते तीही याच चिकटण्या-निसटण्यामुळे. फरक इतकाच की तारेचा ताण आणि लांबी हे निसटणं अगदी ठरलेल्या वेळी घडवून आणतात. व्हायोलिनच्या दुसऱ्या तारेवर, म्हणजे 440 हर्ट्झच्या सुरावर, हे सेकंदाला बरोबर 440 वेळा होतं. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात खास सूक्ष्मदर्शक वापरून ही हालचाल पाहिली. आपल्या डोळ्यांना तार फुगीर दिसते, पण प्रत्यक्षात तिच्यावर एक टोकदार कोपरा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावत असतो, हे त्यांच्या लक्षात आलं.

हे गणित पुढे नेलं ते चंद्रशेखर वेंकट रामन यांनी. नोबेलच्या आधीचे, सरकारी हिशेब खात्यात नोकरी करणारे रामन. त्या नोकरीत त्यांची काही काळ रंगूनला आणि नागपूरलाही बदली झाली होती. कलकत्त्याला असताना कचेरीच्या आधी आणि नंतरचा वेळ ते बहुबाजारमधल्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्सच्या प्रयोगशाळेत घालवत. 1918 मध्ये त्यांनी गजाने वाजवलेल्या तारेच्या कंपनांवर मोठा प्रबंध प्रसिद्ध केला. तार किती प्रकारांनी चिकटू आणि निसटू शकते याची पद्धतशीर मांडणी त्यात आहे. 1920 मध्ये त्यांनी व्हायोलिन वाजवणाऱ्या यंत्राचे प्रयोग प्रसिद्ध केले. माणसाचा हात दर वेळी थोडा वेगळा पडतो, म्हणून गजाचा दाब, वेग आणि जागा यंत्राने कायम ठेवायची आणि मग एकेक गोष्ट बदलून पाहायची. जगभरातले व्हायोलिनचे अभ्यासक आजही या कामाचा आधार घेतात. रामन म्हटलं की आपल्या पाठ्यपुस्तकांत प्रकाशाचं विकिरण येतं. त्यांच्या व्हायोलिनच्या कामाला तिथे दोन ओळींचीही जागा नाही, हे मला खटकतं.

तार एकटी जवळजवळ मुकी असते. इतकी बारीक वस्तू हवेला किती ढकलणार? तारा ज्यावर टेकतात त्या घोडीतून तिचं कंपन पाटीत उतरतं. घोडीच्या एका पायाखाली, पाटीच्या आतून, एक लांब दांडी चिकटवलेली असते. दुसऱ्या पायाजवळ वरच्या आणि खालच्या पाटीच्या मध्ये साधारण 6 मिलिमीटर जाडीची लाकडी काडी नुसती अडकवून उभी केलेली असते. ती चिकटवत नाहीत. ती अर्धा मिलिमीटर सरकली तरी वाजवणाऱ्याला आवाज बदललेला जाणवतो. या काडीमुळे घोडीचा एक पाय स्थिरावतो, दुसरा वरखाली डुलतो आणि त्या असमतोलातून पाटी हवेला जोरात ढकलते. पेटीच्या आतली हवा आपल्या परीने साथ देते. इंग्रजी एफ अक्षराच्या आकाराच्या दोन फटींतून ती आत-बाहेर होते आणि 270-280 हर्ट्झच्या आसपास जोरात घुमते. म्हणून खालच्या सुरांना भरीवपणा येतो. 2015 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी क्रेमोनाच्या शेकडो जुन्या व्हायोलिनची मापं तपासली. पिढी दर पिढी या फटी लांब होत गेल्या होत्या, आणि तसतसा हवेतून मिळणारा आवाज वाढत गेला होता. त्या कारागिरांकडे कोणतंही समीकरण नव्हतं. ज्याचं वाद्य जास्त बोललं त्याची नक्कल पुढच्याने केली, असं दीड-दोनशे वर्षं चाललं.

क्रेमोना हे इटलीतलं गाव. आमाती घराणं, ग्वार्नेरी घराणं आणि 1737 मध्ये वारलेला आंतोनिओ स्त्रादिवारी, सगळे तिथले. तिथे आजही व्हायोलिन हाताने घडतात, आणि ही कला 2012 पासून युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे. पाटी कोरताना ती दोन बोटांत एका ठरावीक जागी धरून गाठीने टकटक करायची, कान देऊन ऐकायचं, पुन्हा थोडं लाकूड काढायचं, ही तिथली जुनी रीत. कान काय ऐकतो हे मात्र शब्दांत सांगता येत नाही. गुरू ‘अजून थोडं’ म्हणतो, शिष्य पटाशी चालवतो, आणि दहा-पंधरा वर्षांनी शिष्यालाही ‘अजून थोडं’ कळू लागतं.

या टकटकीला आकडा दिला तो एका शाळाशिक्षिकेने. अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या कार्लीन हचिन्स (1911–2009) शाळेत विज्ञान शिकवत. व्हिओला वाजवता वाजवता त्या ते घडवू लागल्या. हार्वर्डचे निवृत्त भौतिकशास्त्रज्ञ फ्रेडरिक सॉन्डर्स यांच्याबरोबर त्यांनी प्रयोग सुरू केले, आणि हे प्रयोग मेळघाटातल्या कुठल्याही शाळेत करता येतील इतके साधे होते. सुटी पाटी स्पीकरवर आडवी धरायची, वर बारीक पूड भुरभुरायची आणि स्पीकरमधून सूर चढवत न्यायचा. एका ठरावीक सुराला पूड उड्या मारत सरकते आणि पाटीचा जो भाग हलत नाही त्या रेषांवर गोळा होते. कधी फुलीचा आकार होतो, कधी जवळजवळ बंद कडं. कडं कुठे तुटलंय, रेषा कुठे वाकडी आहे, यावरून पाटी कुठे जाड राहिली ते डोळ्यांना दिसतं. हचिन्सबाईंनी या रीतीने शेकडो वाद्यं केली, 1963 मध्ये समविचारी लोकांबरोबर कॅटगट अकूस्टिकल सोसायटी काढली आणि आपली सगळी मोजमापं छापून टाकली. मला त्यांची ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते. वाद्यांच्या धंद्यात जो तो गुपित पोटात ठेवून मरत असे, तिथे एका बाईने वही उघडी टाकली.

त्यांच्यानंतरच्या पिढीत साधनं बदलली. ॲन आर्बरचे जोसेफ कर्टिन छोट्याशा हातोडीने घोडीला टोकतात, मायक्रोफोनने आवाज पकडतात आणि संगणक त्या एका टकटकीतून वाद्य कोणत्या सुराला किती जोर देतं याचा आलेख काढतो. 2005 मध्ये त्यांना अमेरिकेतली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. ब्रुकलिनचे सॅम झिग्मुंटोविच यांनी 2006 मध्ये जॉर्ज बिसिंजर या भौतिकशास्त्रज्ञाबरोबर दोन स्त्रादिवारी आणि एक ग्वार्नेरी व्हायोलिन लेसरखाली ठेवली. वाजताना पेटीचा एकेक बिंदू कुठल्या दिशेला किती हलतो ते मोजून त्याची चलत्‌चित्रं केली. त्यात पेटी श्वास घेतल्यासारखी फुगते-आकसते, पिळते, डुलते. हेच झिग्मुंटोविच आयझॅक स्टर्नसारख्या वादकासाठी जुन्या ग्वार्नेरीच्या नकला करत होते. त्यांचं स्टर्नकडे असलेलं एक वाद्य 2003 च्या लिलावात 1,30,000 डॉलरला गेलं.

सीटी स्कॅनची कहाणी मिनेसोटातली. स्टीव्हन सर नावाचे क्ष-किरणतज्ज्ञ हौशी व्हायोलिनवादक होते. एकदा त्यांनी कुतूहलाने आपलं वाद्य रुग्णालयातल्या स्कॅनरमध्ये ठेवून पाहिलं. आतली जाडी, जुन्या दुरुस्त्या, किड्यांनी पोखरलेल्या नळ्या, भरलेल्या भेगा, सगळं पेटी न उघडता समोर आलं. पुढे त्यांनी वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधलं 1704 चं ‘बेट्स’ नावाचं स्त्रादिवारी स्कॅन केलं. हजारावर प्रतिमा जोडून त्याचा नकाशा बनवला, आणि संगणकावर चालणाऱ्या कोरणीयंत्राने त्या मापाचे भाग कापून दोन कारागिरांनी त्याच्या प्रतिकृती उभ्या केल्या. 2011 मध्ये त्या जगापुढे आल्या.

इथे कोणालाही वाटेल की आता कारागिराची गरज संपली. तसं झालं नाही, आणि त्याचं कारण लाकडात आहे. यंत्र माप हुबेहूब उतरवतं, पण ज्या स्प्रूसच्या तुकड्यात ते उतरवतं तो तुकडा स्त्रादिवारीच्या तुकड्याहून थोडा जड असतो किंवा थोडा कमी ताठ असतो. एकाच झाडाच्या वरच्या आणि खालच्या ओंडक्यात फरक पडतो, एकाच ओंडक्याच्या उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या अंगात पडतो. म्हणून माप सारखं ठेवलं तर आवाज बदलतो, आणि आवाज सारखा हवा असेल तर माप बदलावं लागतं. किती बदलायचं ते त्या तुकड्याचं वजन आणि ताठपणा मोजून आधी अंदाजाने ठरवता येतं. शेवटचे दोन-चार दशांश मिलिमीटर मात्र हातानेच काढायचे असतात. यंत्राने वाचवलेले दिवस चांगला कारागीर या शेवटच्या टप्प्यावर खर्च करतो. नव्या जमान्याच्या व्हायोलिनकारांचं हे काम मला विशेष मोलाचं वाटतं. कोणतं काम यंत्राला द्यायचं आणि कोणतं स्वतःकडे ठेवायचं, हे त्यांनी मोजून ठरवलं.

या मेहनतीला फळ आलं का, हे तपासण्याची हिंमतही त्यांनी दाखवली. 2010 मध्ये इंडियानापोलिसच्या एका हॉटेलच्या अंधुक खोलीत 21 व्हायोलिनवादकांना डोळ्यांवर काळा चष्मा लावून सहा वाद्यं दिली गेली. तीन नवी, तीन जुनी: दोन स्त्रादिवारी, एक ग्वार्नेरी. जुन्या लाकडाचा वास ओळखू येऊ नये म्हणून हनुवटीच्या टेकूला अत्तर लावलं होतं. प्रयोग मांडणाऱ्या पॅरिसच्या क्लॉडिया फ्रिट्झ, आणि त्यांच्या जोडीला कर्टिन. सर्वांत जास्त पसंती एका नव्या वाद्याला मिळाली, सर्वांत कमी एका स्त्रादिवारीला. टीका झाली की हॉटेलची खोली म्हणजे सभागृह नव्हे, आणि सगळे वादक नामवंत नव्हते. म्हणून 2012 मध्ये पॅरिसजवळ दहा नावाजलेले एकलवादक आणि बारा वाद्यं घेऊन प्रयोग पुन्हा केला. दहापैकी सहांनी नवं वाद्य निवडलं. 2017 मध्ये श्रोत्यांची पसंती प्रसिद्ध झाली, तीही नव्याच्या बाजूने, आणि सभागृहात दूरवर पोचण्यातही नवी वाद्यं सरस ठरली. स्त्रादिवारीची थोरवी यामुळे तसूभरही कमी होत नाही, कारण ही नवी वाद्यं त्याच्याच आराखड्यावर उभी आहेत. पण ‘ती विद्या बुडाली, आता तसं होणे नाही’ हे रडगाणं मात्र या तीन प्रयोगांनी थांबवायला हवं होतं.

जुन्या वाद्यांच्या गुपिताबद्दल पुष्कळ तर्क झाले. 2003 मध्ये दोन अमेरिकी अभ्यासकांनी सुचवलं की स्त्रादिवारीच्या काळात युरोपात थंडी वाढली होती, झाडं फार हळू वाढली आणि लाकूड दाट व एकसारखं झालं. स्वित्झर्लंडच्या फ्रान्सिस श्वार्त्झे यांनी उलट वाटेने जाऊन लाकडावर निवडक बुरशी वाढवली. ती पेशींच्या भिंती पातळ करते, लाकूड हलकं होतं आणि ताठपणा फारसा घटत नाही. 2009 मध्ये जर्मनीत झालेल्या चाचणीत पडद्याआड वाजवलेल्या पाच वाद्यांत, 1711 च्या स्त्रादिवारीसह, निम्म्या श्रोत्यांनी अशा बुरशी लावलेल्या लाकडाच्या व्हायोलिनला मत दिलं.

मला सर्वांत रस वाटला तो मूळच्या हंगेरीच्या जोसेफ नागिव्हरी यांच्या कामात. टेक्सासमध्ये जीवरसायनशास्त्र शिकवणारे नागिव्हरी कित्येक वर्षं सांगत होते की क्रेमोनाचं लाकूड रसायनांत मुरवलेलं आहे. 2021 मध्ये तैवानचे हान-चिंग ताय आणि त्यांनी मिळून जुन्या व्हायोलिनच्या लाकडाच्या कणांचं विश्लेषण प्रसिद्ध केलं. त्यात टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, तसंच तुरटी आणि तांबं-जस्ताचे क्षार सापडले. मूळ हेतू बहुधा लाकूड किडीपासून वाचवण्याचा असावा, आणि आवाजावर परिणाम झाला तो त्याच्या ओघात.

बोरॅक्स म्हटलं की आपल्याकडच्या बांबूकाम करणाऱ्या कोणाचेही कान टवकारतील. बांबूला भुंगा लागतो तो त्यातल्या पिष्टासाठी. तो लागू नये म्हणून बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात बांबू बुडवून ठेवतात. क्रेमोनाच्या लाकडात जे सापडलं, त्याच जातीचा क्षार आपल्या बांबूच्या टाक्यांत रोज वापरला जातो. त्याने भुंगा थांबतो हे आपण पाहतो. बांबूचा ताठपणा किती बदलतो आणि टणत्कार किती वेळ टिकतो, हे मोजायला मात्र कोणी थांबत नाही.

मोजमापाविना विद्या हातांत कशी राहते, याचं आपल्याकडचं उत्तम उदाहरण मिरजेचं आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तिथे तंतुवाद्यं करायला सुरुवात केली. त्यांच्या वंशजांचं आडनावच सतारमेकर झालं. पंढरपूर परिसरातले भोपळे, तूनचं लाकूड, आणि सगळ्यांत अवघड ती जवारी. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित गोलाईदार असते. तिच्यावर तार एका बिंदूत टेकत नाही, पृष्ठभागाला घासून पुढे जाते, आणि मध्ये सरकवलेला दोरा ती कुठे सुटणार ते ठरवतो. कारागीर कानशीने घोडी घासतो, तार छेडतो, पुन्हा घासतो. जवारी खुलली की तंबोऱ्यातून स्वरांचा मोहोर उठतो. 1921 च्या सुमारास रामन यांनी यावरही लिहिलं. तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असतो तो उपस्वर उमटू नये, असा जुना नियम आहे. तंबोऱ्याने तो नियम मोडला आहे आणि तो घोडीच्या आकारामुळे मोडला आहे, हे रामन यांनी दाखवून दिलं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंद आहेच. पण घोडीच्या त्या गोलाईची मापं, कोणत्या गायकाला कोणती जवारी भावली याच्या नोंदी, या गोष्टी जुन्या हातांबरोबर जाऊ नयेत असं वाटत असेल, तर हचिन्सबाईंच्या वहीसारखी एक वही मिरजेतही हवी.

आता पुन्हा धारणी तालुक्यात. लवादा गावात सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं. नागपूरचे वास्तुविशारद विनू काळे यांच्यासारख्या बांबूवेड्या माणसाचा वसा पुढे चालवत त्यांनी कोरकू आणि इतर कारागिरांना फर्निचर, घरं, शोभेच्या वस्तू, राख्या करायला शिकवलं. सुनीलभाऊ 2021 मध्ये गेले. टोपली आणि सूप यांच्या पलीकडे बांबू जाऊ शकतो, हे मेळघाटाने त्यांच्यामुळे पाहिलं. 2017 मध्ये भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेर लावलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला, तेव्हापासून शेतातला बांबू तोडणं आणि नेणंही सोपं झालं.

मेळघाटात मुख्यतः मानवेल बांबू आहे. त्याची भिंत जाड, कोरड्या जागी तर तो जवळजवळ भरीवच निघतो. मैफलीच्या बासरीला तो चालत नाही. तिला आसामकडचा लांब पेरांचा, पातळ भिंतीचा बांबू लागतो. पण भरीवपणा हे मानवेलचं बळ आहे. बांबूचे धागे बाहेरच्या सालीकडे दाट आणि आतल्या बाजूला विरळ असतात. सालीकडच्या कामट्या काढून, त्या सपाट करून एकमेकींना चिकटवल्या तर मिळणारी पाटी वजनाला स्प्रूसच्या जवळ जाणार नाही. मात्र व्हायोलिनची मागची पाटी आणि बाजूच्या पट्ट्या ज्या मेपल लाकडाच्या करतात, त्याच्या पंक्तीला ती बसू शकेल. उल्रिके वेग्स्ट यांनी 2008 मध्ये वाद्यांसाठी बांबू आणि लाकूड यांचे गुणधर्म शेजारी ठेवून तपासले होते, त्यातून बांबू हे वाद्यांचं गंभीर साहित्य आहे हे स्पष्ट होतं. जंगलातली शिवणही आहेच. हलकी, फारशी न वाकणारी, आणि देशात ठिकठिकाणी वाद्यांसाठी वापरली जाणारी. होळीच्या फगव्यात मेळघाटात ढोल आणि बासऱ्या घुमतात तेव्हा त्या वाद्यांचं लाकूड कोणतं, ते किती वर्षांचं, कोणी घडवलं, हे विचारायला हवं.

मोजायचं कसं, तेही सांगतो, कारण याला प्रयोगशाळा लागत नाही. बांबूची किंवा लाकडाची सरळ, सगळीकडे सारख्या जाडीची पट्टी घ्या, समजा 30 सेंटिमीटर लांब आणि 5 मिलिमीटर जाड. दोन्ही टोकांपासून लांबीच्या 22 टक्क्यांवर, म्हणजे पावणेसात सेंटिमीटरवर, खाली दोऱ्याचे आधार द्या. पट्टी थरथरते तेव्हा हे दोन बिंदू हलत नाहीत, म्हणून आधाराने आवाज मरत नाही. बरोबर मध्यावर रबराच्या छोट्या हातोडीने किंवा पेन्सिलच्या मागच्या टोकाने टोका. मोबाइलवर सुराची वारंवारता दाखवणारी मोफत ॲप्स मिळतात, त्यावर येणारा आकडा लिहून घ्या. लांबी आणि जाडी मीटरमध्ये धरायची. वारंवारतेला लांबीच्या वर्गाने गुणायचं, आणि 1.028 गुणिले जाडी या संख्येने भागायचं. उत्तर येतं ते त्या पट्टीतला ध्वनीचा वेग. वरच्या पट्टीने 300 हर्ट्झ दाखवले तर वेग सेकंदाला सुमारे 5,250 मीटर. उत्तम स्प्रूस याच घरात असतो. पोलादाच्या सळईतही ध्वनी साधारण इतक्याच वेगाने धावतो, पण पोलाद स्प्रूसच्या अठरा-वीस पट जड असतं. आता पट्टीचं वजन करून घनता काढा आणि वेगाला घनतेने भागा. हा आकडा जितका मोठा, तितकं ते लाकूड आपली थरथर हवेला जास्त देतं. व्हायोलिनकार स्प्रूस निवडतात तो याच आकड्यावर.

हरिसाल गाव 2016 मध्ये डिजिटल गाव म्हणून देशभर गाजलं. मोबाइल आज पुष्कळ पाड्यांवर पोचला आहे. अमरावतीला 1964 पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. एकाकडे कंपनं मोजण्याची उपकरणं आणि विद्यार्थी, दुसऱ्याकडे झाडं-बांबूंच्या जातींचं ज्ञान, आणि लवाद्याकडे हात. आज या तीन ठिकाणांमध्ये लांबचा रस्ता आहे, आणि तो पार करायला एखाद्या प्राध्यापकाने पुढाकार घेतला तरी पुरेल. बांबू पावसाळा संपल्यावर, त्यातलं पिष्ट कमी असताना तोडतात. त्या हंगामात दहा बेटांमधून शंभर पट्ट्या काढाव्यात, निम्म्या बोरॅक्सच्या द्रावणात मुरवाव्यात, निम्म्या तशाच वाळवाव्यात, आणि प्रत्येकीवर बेटाचं ठिकाण, तोडीची तारीख, वजन आणि सूर लिहून ठेवावा. कारागिरांनी त्याच पट्ट्या कानाने लावून पाहाव्यात आणि आपलं मतही त्याच वहीत नोंदवावं. आकडा आणि कान कुठे जुळतात, कुठे जुळत नाहीत, हे कळण्यासाठी एवढी सामग्री पुरे आहे. अमरावती आणि अकोल्याच्या महाविद्यालयांतल्या ज्या शिक्षकांच्या हाती हा लेख पडेल, त्यांना माझी विनंती आहे की पुढच्या सत्रात विद्यार्थ्यांना प्रकल्पाचे विषय वाटताना त्यांत हा एक विषय घालावा.